पाच महिन्यांचं पथ्य

मंडईतल्या गाळ्यावर बसलं की आनंदीबाई सगळ्यात आधी कालच्या जुड्या वेगळ्या काढायच्या. मार्केट यार्डातून पहाटे आणलेली मेथी, चाकवत, शेपू पुढे मांडायची आणि रात्रभर ओल्या गोणपाटाखाली राहिलेला माल डाव्या बाजूच्या टोपलीत ठेवायचा. गिऱ्हाइकाने त्या टोपलीत हात घातला, की त्याने काही विचारायच्या आत त्या म्हणायच्या, "ती कालची हाय. बघून घ्या." तीस वर्षं, रोज. शेजारच्या गाळ्यावरच्या वेणूबाई चिडायच्या.

"अगं, पाणी मारलं की कालची आणि आजची कुणाला कळतीय?"

"मला कळतीय की," असं म्हणून आनंदीबाई पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या.

डॉ. सुदर्शन खळदकर रविवारची भाजी त्यांच्याकडूनच घ्यायचे. बिबवेवाडीत त्यांचा दवाखाना होता आणि दोन गल्ल्या सोडून आनंदीबाईंचं घर. या बाई मूळच्या वाघोलीच्या. लग्न होऊन बिबवेवाडीत आल्या तेव्हा दोन्ही गावांत शेतं होती आणि मध्ये पुणं होतं. नवरा लवकर गेला. भाजीच्या पाट्यांवर त्यांनी एकुलत्या एका मुलाला, इंद्रजीतला, इंजिनियर केलं. तो खराडीला कंप्युटरच्या कंपनीत लागला, घरात राजनंदिनी सून आली, तरी आनंदीबाईंनी गाळा सोडला नाही. या घरातला पहिला ताप, पहिल्या कांजिण्या, पहिला मोडलेला हात, सगळं खळदकरांनी पाहिलं होतं. एकतीस वर्षांच्या दवाखान्यात अशी घरं बरीच असतात. डॉक्टरला वाटत राहतं की आपल्याला ही माणसं ठाऊक आहेत.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी जुडी हातात घेताना खळदकरांनी वर पाहिलं आणि त्यांना आनंदीबाईंचे डोळे दिसले. डोळ्यांचं पांढरं हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं झालं होतं.

"खाज सुटते का अंगाला?"

"सुटती. उन्हाळा हाय म्हणून म्हटलं."

"उद्या सकाळी दवाखान्यात या. उपाशीपोटी."

तपासण्या झाल्या. नदीपलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयात स्कॅन झाला. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती, पित्ताची वाट तिने दाबून धरली होती आणि यकृतात ती आधीच पोचलेली होती. हे कागद घेऊन इंद्रजीत एकटाच दवाखान्यात आला. आईला आणलं नव्हतं. खुर्चीत बसला आणि रडला. मग नाक पुसून म्हणाला, "डॉक्टर, प्लीज. आईला काहीच कळायला नको. ती खचून जाईल. पॉझिटिव्ह राहिली तर ट्रीटमेंटला रिस्पॉन्स चांगला येतो, मी वाचलंय. तिकडच्या डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय, तेपण ओके म्हणालेत. तुम्ही फक्त..."

खळदकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिलं, की आपण आधी खांद्यावर हात ठेवला आणि मग मान डोलावली. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई स्वतःच आल्या. बाहेर ताप-खोकल्याची रांग होती, एक लहान मूल किंचाळत होतं.

"डॉक्टर, काय निघालं?"

"कावीळ आहे."

"बस?"

"पित्ताची नळी दाबली गेलीय. ती मोकळी करतील तिकडे. मग सलाईन लावतील अधूनमधून."

"आणि पथ्य?"

"सांभाळा थोडं," खळदकर म्हणाले आणि भाग्यश्री सिस्टरना पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं. सगळं मिळून तीन मिनिटं लागली असतील.

कावीळ हे लक्षण आहे, आजार नव्हे, हे वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. खळदकरांनी त्या दिवशी स्वतःची समजूत घातली की आपण खोटं बोललो नाही. डोळे पिवळे आहेत त्याला कावीळच म्हणतात. शब्द खरा आहे. पुढे पाच महिने ते या खऱ्या शब्दाच्या आडोशाला बसून राहिले. आनंदीबाईंच्या घराकडची गल्ली त्यांनी टाळली. भेटल्या तर विचारतील, विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. रविवारची भाजी ते वेणूबाईंकडून घेऊ लागले. "कशा आहेत?" असं त्यांनी विचारलं की वेणूबाई आवाज खाली करून म्हणायच्या, "चाललंय बघा. पथ्य लई कडक करतीय ती." आणि डॉक्टर पिशवी उचलून पुढे जायचे. इकडे पथ्य हा शब्द इतका रोजचा आहे, की तो कानावरून गेला तरी त्यांच्या डोक्यात काही वाजलं नाही.

ऑगस्टमध्ये राजनंदिनीचा फोन आला. आईंना उभं राहवत नाही, हॉस्पिटलवाले पुढच्या तारखेला आणा म्हणतात, तुम्ही येऊन जाल का? खळदकर गेले. दुपारचा एक वाजला होता.

आनंदीबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. निम्म्या झाल्या होत्या. गळ्यात औषधी मुळ्यांच्या बारीक तुकड्यांची माळ होती. ही काविळीची माळ आधी डोक्यावर ठेवतात. ती लांबत लांबत खाली येते, आणि माळ उतरली की कावीळ उतरली असं लोक मानतात. पुढ्यात ताट होतं. त्यात उकडलेल्या दुधीच्या चार फोडी, वाटीत मुगाचं पाणी आणि फुलका. मीठ नाही, हळद नाही, तेलाचा थेंब नाही. शेजारी उसाच्या रसाचा पेला.

"या डॉक्टर. लई दिसांनी," त्या म्हणाल्या. मग ताटाकडे बोट करून, परीक्षेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारख्या म्हणाल्या, "बघा. एक दिवस चुकले न्हाई. पाच महिने झाले, जिभेवर तिखट न्हाई का तेल न्हाई. माळ पण उतरली. पण डोळ्यातली उतरंना."

खळदकरांनी नाडी धरली होती. ती सोडायचं त्यांना भान राहिलं नाही.

"माझंच चुकलं एकदा," आनंदीबाई हळूच म्हणाल्या. "मे महिन्यात वाघोलीला भावाच्या नातवाचं बारसं होतं. पुरणपोळीचा एक घास खाल्ला मी, तूप लावलेला. वहिनीनं हातानं भरवला, नाही म्हणवंना. त्यानंच उलटली असंल कावीळ. होय ना?"

हा प्रश्न कुणी कुणाला विचारावा! मरणाच्या दाराशी असलेल्या बाईने, एका घासासाठी, त्या डॉक्टरला, ज्याला सगळं ठाऊक आहे. खळदकर काहीतरी पुटपुटले आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

राजनंदिनी ओट्याशी उभी होती. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं रडू तिलाच आवरेना.

"मी काय करू, डॉक्टर? मागे एकदा मी भाजीला फोडणी घातली. म्हणाल्या, 'का गं, पथ्य सोडायला सांगितलं का कुणी? म्हंजे मी बरी झाले का संपले?' मग काय सांगू त्यांना? तेव्हापासून अळणीच देते. आणि आम्ही आतल्या खोलीत दार लावून जेवतो. वास जाऊ नये म्हणून."

टेबलावर रुग्णालयाची फाइल होती. खळदकरांनी ती उघडली. पाच महिन्यांत आनंदीबाईंच्या शरीरात नळी बसली होती, आठ वेळा कॅन्सरचं औषध शिरेतून गेलं होतं, आणि प्रत्येक संमतीपत्रावर 'रुग्णाची सही' या ओळीवर इंद्रजीतची सही होती. खाली बारीक अक्षरात कारण लिहिलं होतं, 'रुग्ण चिंताग्रस्त.' आनंदीबाई चौथी शिकलेल्या. दवाखान्यात कधी कुठल्या कागदावर सही लागली तर पेन घट्ट धरून, संपूर्ण नाव, एकही काना न चुकवता लिहायच्या. त्यांना पेन द्यायची तसदी कुणी घेतली नव्हती.

खळदकरांनी तिथूनच रुग्णालयातल्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंना फोन लावला. तरुण होत्या, हुशार होत्या, आवाज थकलेला होता.

"सर, फॅमिलीची तशी इच्छा होती."

"फॅमिलीला काय झालंय?"

"म्हणजे?"

"नाही, आजारी कोण आहे? फॅमिली की पेशंट? मला वाटलं पेशंट."

"सर, प्लीज. आपल्याकडे सगळे असंच सांगतात. दिवसाला चाळीस पेशंट असतात मला. प्रत्येकाशी बसून बोलायचं म्हटलं तर ओपीडी संपणारच नाही."

"बाई, हात धुवायलाही वेळ लागतो. तो काढता ना तुम्ही?"

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग त्या म्हणाल्या, "सर, तिच्या फाइलमध्ये तुमची चिठ्ठी आहे. मार्चमधली. तुम्हीपण पेशंटला 'कावीळ' असंच सांगितलंय म्हणून लिहिलंय त्यात. आम्ही तेच पुढे चालवलं."

खळदकरांनी फोन खाली ठेवला आणि फाइलची पानं मागे उलटली. चिठ्ठी त्यांचीच होती. अक्षर त्यांचंच होतं.

संध्याकाळी इंद्रजीत दवाखान्यात आला. खळदकर दुपारपासून रागात होते आणि हा राग कुणाकुणाचा आहे हे वेगळं करून ठेवणं त्यांना जमत नव्हतं. एक वाटा या पोराचा होता, एक त्या मोठ्या इमारतीचा, जिथे भिंतीवर रुग्णाचे हक्क चार भाषांत लावलेले असतात. पण सगळ्यात मोठा वाटा कुणाचा, हे त्यांना दुपारीच कळलं होतं.

"उद्या मी तिला सांगणार आहे," ते म्हणाले. "तू शेजारी बसलास तर बरं."

"डॉक्टर, नो. आपलं ठरलं होतं."

"आपलं ठरलं होतं. तिचं काही ठरलं नव्हतं."

"शी विल जस्ट गिव्ह अप! आहेत ते दिवस तरी सुखात जाऊ देत ना तिचे."

"सुखात?" खळदकरांचा आवाज इतका चढला की बाहेरची रांग गप्प झाली. "इंद्रा, तुझी आई पाच महिने उकडलेला दुधी खातेय! बारशाला खाल्लेल्या एका घासामुळे आपण मरतोय असं वाटतंय तिला. तू काल काय जेवलास?"

इंद्रजीत दाराकडे पाहू लागला.

"सांग ना. काय होतं काल?"

"चिकन," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही सांगणार असाल तर आम्ही डॉक्टर बदलू."

"बदल. नवा डॉक्टर कितीही चांगला मिळाला तरी आजार तोच राहील. उद्या दुपारी दोन वाजता येतो मी. दार उघडायचं की नाही ते तू ठरव."

दार उघडं होतं. इंद्रजीत सुट्टी काढून पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. खळदकरांनी खुर्ची ओढली, आनंदीबाईंच्या डोळ्यांच्या पातळीला येईल अशी.

"आनंदीबाई, तुमच्या आजाराबद्दल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. राहिलेलं सांगू का? नको असेल तर नको म्हणा. तुमची मर्जी."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा फरशीकडे पाहत होता.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"कावीळ ज्याच्यामुळे झालीय तो पोटातला कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय. तो बरा होणारा नाही."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. आनंदीबाईंचा हात माळेवर होता.

"मग ते सलाईन?"

"ते त्याचंच औषध. बरं करायला नाही, थोडे दिवस वाढावेत म्हणून."

किती दिवस, हा पुढचा प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर कसं द्यायचं याची जुळवाजुळव खळदकरांनी सकाळपासून केली होती. तो प्रश्न आला नाही.

"आणि पथ्य?"

"पथ्याचा काही संबंध नव्हता."

"तेल खाल्लं असतं तर?"

"पोटाला जरा जड झालं असतं. एवढंच."

"मीठ?"

"काही झालं नसतं."

"तो पोळीचा घास?"

"त्याने काहीही झालेलं नाही, आनंदीबाई. काहीही."

मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. एवढ्या पिवळ्या कातडीखालून एवढं लाल येईल असं वाटलं नव्हतं.

"पाच महिने," त्या म्हणाल्या. "मी घासाघासाला देवाला विचारत होते, कुठं चुकले म्हणून. आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"याला ठाऊक होतं. हिला. हास्पिटलात सगळ्यांना. वेणीला?"

दारात उभ्या राजनंदिनीने मान खाली घातली. "वेणूमावशींनापण."

"म्हंजे सगळ्या मंडईला ठाऊक आणि मला न्हाई!" आनंदीबाईंनी माळ ओढली. दोरा तुटला आणि मुळ्यांचे तुकडे चादरीवर सांडले. "मला काय पोर समजलात? नवरा गेला तवा मी सव्वीस वर्सांची होते. मला कुणी हळूच सांगितलं नव्हतं. दारात आणून ठेवला होता. मी मेले का तवा? आं? खचले का?"

"आई..." इंद्रजीत म्हणाला.

"तू गप. तू लेकरू हायस, भ्यालास." मग त्या खळदकरांकडे वळल्या. "पण तुम्ही?"

खळदकरांना यावर सांगण्यासारख्या पुष्कळ गोष्टी होत्या. कुटुंबाची विनंती होती, बाहेर रांग होती, इकडची रीतच तशी आहे. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी घरांत हेच केलं होतं आणि त्या घरांनी त्यांना देवमाणूस म्हटलं होतं. ज्यांना सांगितलं नव्हतं, ती माणसं काय म्हणाली असती हे विचारायला ती उरलेली नव्हती.

"मी पण भ्यालो," ते म्हणाले. "माझं चुकलं."

"चुकलंच," आनंदीबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या चोवीस दिवस जगल्या. सलाईनने किती आठवडे वाढतील हे त्यांनी विचारून घेतलं, त्यातले किती दिवस गाडीत आणि रुग्णालयात जातील हेही विचारून घेतलं, आणि नको म्हणाल्या. उपचार थांबवण्याच्या कागदावर त्यांनी स्वतः सही केली, पूर्ण नावाची. सगळ्यांना थांबायला लावलं आणि सावकाश लिहिलं. वेणूबाई पदराने तोंड झाकून भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "रडतीस कशाला? पाच महिने हसून बोलत होतीस ना, तसंच बोल." वेणूबाई तासभर बसल्या. निघताना दोघीही एकमेकींवर ओरडत होत्या आणि त्यामुळे राजनंदिनीला बरं वाटलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बाजरीची भाकरी आणि लसणीचा ठेचा मागितला. राजनंदिनीने तो पाट्यावर वाटला. खळदकर तेव्हा तिथेच होते. आनंदीबाईंनी घास तोंडात घातला, चावला, चावत राहिल्या आणि थांबल्या.

"तिखट लागंना," त्या म्हणाल्या.

आठ सलाईनांनी जीभ मारून टाकली होती. त्यांनी आणखी एक घास घेऊन पाहिला, मग ताट सरकवलं. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये त्यांना चव होती. तेव्हा त्या मुगाचं पाणी पीत होत्या. खळदकर त्या दिवशी घरी जेवले नाहीत. त्यांनी रुग्णालयाला दोन पानी पत्र लिहिलं. त्यात संमतीपत्रावरच्या सह्यांबद्दल विचारलं आणि स्वतःच्या चिठ्ठीचीही तारखेनिशी नोंद केली. नऊ दिवसांनी छापील उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' ते त्यांनी दवाखान्यात स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली, आपल्या बाजूने वाचता येईल असं ठेवलं. आता कुणी नातेवाईक फाइल घेऊन एकटा आत आला, की ते भाग्यश्री सिस्टरना हाक मारतात. "सिस्टर, यांना बाहेर बसवा. ज्याचं पोट आहे त्याला आत पाठवा." काही घरं यामुळे दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. जाऊ देत.

दुखणं वाढलं तसे ते रोज दुपारी आनंदीबाईंकडे जायला लागले. औषधाची मात्रा ठरवायची, ती कशासाठी आहे हे सांगायचं, त्यांचं ऐकायचं. त्या कधी वाघोलीच्या विहिरीबद्दल बोलायच्या, कधी गाळ्याबद्दल. चोविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता इंद्रजीतचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या.

आदल्या दिवशीची भेट अगदी थोडी झाली. खळदकरांनी औषध दिलं, उशी सारखी केली. बॅग बंद करता करता, विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारून टाकलं.

"अजून राग आहे का माझ्यावर?"

"हाय," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांनी जरा दम घेतला. "जाईल तवा जाईल. तुम्ही विचारू नका."

खळदकर उठले. आनंदीबाईंनी भिंतीकडे कूस वळवली. ते दारापाशी पोचले तेव्हा पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दार ओढून घ्या जाताना. मांजर आत येतंय."